नक्कलबाई आणि सतरा तारखेचं पान

कोर्टाच्या नक्कल विभागात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला सगळे नक्कलबाईच म्हणत. चिडला की नवरासुद्धा तेच म्हणे. तिचं काम एकच. मूळ कागद समोर ठेवायचा आणि जसाच्या तसा उतरवायचा. मुळात चूक असली तर चूकही उतरवायची, पुसट जागी ‘अवाच्य’ लिहायचं आणि खाली ‘मुळाबरहुकूम’ म्हणून सही ठोकायची. न्यायाधीशांचं व्याकरण सुधारायला तिचे हात किती वेळा शिवशिवले असतील, पण तिनं कधी काना इकडचा तिकडे केला नाही.

निवृत्तीनंतर रिकामं बसवेना, म्हणून तिनं कर्नलसाहेबांचं काम घेतलं आणि डोक्याला ताप लावून घेतला.

कर्नल आधी लढले आणि मग त्याच लढाईचा जाडजूड इतिहास लिहून नावाजले. आता वय सत्त्याऐंशी, नजर अधू. युद्धाच्या दिवसांत लिहिलेल्या सहा रोजनिशा त्यांना छापायच्या होत्या. खंदकात बसून बोथट पेन्सिलीनं लिहिलेलं अक्षर म्हणजे निव्वळ कोंबडीचे पाय. ते लागायचं जगात एकट्या नक्कलबाईला. वर्षभर वाट पाहून प्रकाशकानं आता या महिनाअखेरची शेवटची मुदत दिली होती. ती हुकली की वह्या पुन्हा कपाटात जाणार, आणि कर्नलच्या माघारी ते कपाट उघडणार कोण?

पण कर्नलमधला इतिहासकार काही स्वस्थ बसेना. तिनं पान वाचून दाखवलं की सुरू.

“चूक आहे हे. तोफा चार नव्हत्या, सहा होत्या. सहा करा.”

“वहीत चार आहेत, साहेब.”

“तेव्हा मला कळलं नव्हतं!”

“मग ते न कळलेलंच राहू दे ना वहीत.”

अशी रोज जुंपायची. पाच वह्यांना चौदा महिने लागले. घरी येऊन नक्कलबाई भांडी आपटायची. “स्वतःच्याच वहीत चुका काढतो! शाळामास्तर व्हायचं होतं मेल्याला.”

“सोडून दे मग,” नवरा म्हणायचा.

“सोडते कशी? वाचणार कोण, तुम्ही?”

सहाव्या वहीत सतरा तारखेला तीनच वाक्यं होती. ‘टेलिफोनची तार तुटली. लाइनमनला पाठवला. परत आला नाही.’ नक्कलबाई थबकली. जाडजूड इतिहासात तिनं वेगळं वाचलं होतं. तिथे लाइनमन आपणहून पुढे झाला होता.

“तिथे ‘अवाच्य’ लिहा,” कर्नल म्हणाले.

“अक्षर लख्ख आहे, साहेब.”

“तुमच्याशिवाय कोणाला लागतं ते?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “एकतीस वर्षांत खोटं ‘अवाच्य’ एकदाही लिहिलं नाही मी. दुसरी बाई बघा!” तिनं पर्स उचलली.

“त्याच्या बहिणीला मी सांगितलंय की तो आपणहून गेला,” कर्नल खालच्या आवाजात म्हणाले. “दर वर्षी पत्र येतं तिचं. या वयात तिला हे वाचायला लावू?”

नक्कलबाईनं पर्स खाली ठेवली. बहिणीची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच राग आला. ती परत बसली, तिन्ही वाक्यं आहेत तशी टाइप केली आणि मुद्दाम मोठ्यानं वाचली.

 कर्नल म्हणाले, “अर्धवट आहे.”

“शब्द न शब्द आहे, साहेब.”

“वहीच अर्धवट आहे. तो म्हणाला होता, तोफांचा मारा चालू आहे, दहा मिनिटं थांबू या. तेवढं घाला.”

आता कपाळावर हात मारायची पाळी तिची होती. चौदा महिने नाही नाही ते घुसडायला निघालेला माणूस आज पहिल्यांदा घालण्याजोगं काही बोलला, तर तिचाच नियम आडवा येत होता.

“मुळात नाही ते मला त्या तारखेखाली घालता येत नाही,” ती म्हणाली. “पानाखाली टीप देऊ. आजची तारीख, तुमचं नाव. सांगा.”

तिनं तारीख टाइप केली आणि थांबली.

“लिहा,” कर्नल म्हणाले. “तो गेल्यावर मी घड्याळ बघत बसलो. मारा नवव्या मिनिटाला थांबला.”