संगणकावरचं पांघरूण

ती दुपार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मी झाशीच्या मराठी घरातला. शिक्षण दहावीपर्यंत. शिपाई म्हणून भरती झालो आणि घासत घासत दरोगा, म्हणजे फौजदार झालो. लिहायची सवय रोजनामच्यापुरती, तेव्हा जसं घडलं तसं लिहितो. नावं कुणाचीच देत नाही.

झाशीजवळच्या मोठ गावाच्या भागातलं एक ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. मे महिना. धान्याच्या मंडीच्या फाटकापासून सहा वर्षांची मुलगी नाहीशी झाली. गुमशुदगी, म्हणजे हरवल्याची तक्रार नोंदवली, चारही रस्त्यांना माणसं धाडली. संध्याकाळी एका चहावाल्यानं खबर दिली, की दुपारी एकच्या सुमाराला एक बाई पोरीचं बोट धरून तिला जीपमध्ये बसवताना दिसली. कसली जीप, ते त्याला सांगता येईना. फाटकासमोर एका आडत दुकानाचा कॅमेरा होता. त्याचं रेकॉर्डिंग दुकानातल्या संगणकात. बघायला गेलो, तर नेमका तेवढाच तुकडा उघडेना, आणि एक वीसनंतर पुढे काहीच नाही.

मला तिथंच संशय आला. दुकानाचा संगणक सांभाळणारा पन्नाशीचा माणूस होता. त्याला सकाळी ठाण्यात आणला. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत लिहितो.

"मशीन कुणी बंद केलं?"

"कुणी नाही, दरोगाजी. तापून आपणच पडलं. मालकानं लाकडी कपाटात कोंडलंय. उन्हाळ्यात रोज दुपारी पडतं."

"आणि पोरगी नेमकी त्याच वेळेला जाते?"

"पोरगी काय मशीनला विचारून गेली, साहब?"

मी त्याला अंगणात उन्हात उभा केला. तापला की बोलेल, असं वाटलं. तेव्हा आमची पद्धतच ती.

इकडे दुकानातली डिस्क ठाण्याच्या संगणकाला जोडली. ठाण्याचं लिखापढीचं काम बघणारे आमचे मुन्शीजी त्यातले जाणकार. ते म्हणाले, "तुटलेलं रेकॉर्डिंग जुळवायला सलग चार तास लागतील. मध्ये थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून." आठ वाजता काम लावलं. पोरीची आई व्हरांड्यात बसून होती. फाटकापाशी पोरीची एक चप्पल सापडली होती, ती तिनं पदरात धरलेली. दर थोड्या वेळानं दारात येई.

"मशीन चल रही है न, साहब?"

"चल रही है. बैठो."

दहाला पडदा काळा झाला. पुन्हा लावलं. सव्वाअकराला पुन्हा काळा. मुन्शीजींनी कपाळावर हात मारला. बाई दारातच उभी होती. पोरगी जाऊन बावीस तास झाले होते. जीप एवढ्यात कुठल्या कुठे गेली असेल, याचा हिशेब माझ्या डोक्यात चालूच होता.

तेवढ्यात अंगणातून तो माणूस ओरडला, "दरोगाजी, मी तर इथं उन्हात आहे. तुमचं कुणी बंद केलं?"

मी कव्हर वर करून संगणकाच्या डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. कव्हर गोधडीसारखं जाड होतं. माझ्या बायकोनं शिवलेलं. धूळ फार, म्हणून मीच शिवून घेतलं होतं आणि हुकूम दिला होता, की डब्यावरचं कव्हर काढायचं नाही, मशीन चालू असलं तरी. शिवताना तिनं विचारलं होतं, "अहो, मागे पंखा दिसतोय, तिथं उघडं ठेवू का?" मी म्हणालो, "चारी बाजूंनी बंद कर. तुला त्यातलं काय कळतं?"

त्या माणसाला आत बोलावला. आधी पाणी दिलं. मग त्यानं कव्हर काढून डबा उघडला. आतल्या पंख्यावर धुळीचा थर बसलेला. म्हणजे धूळ आत गेलीच होती, फक्त गरम हवा बाहेर पडत नव्हती. त्यानं ब्रशनं सगळं साफ केलं. दुकानातून उष्णता ओढून घेणारी पेस्ट मागवली, आतल्या चिपवर नवी लावून पंखा परत बसवला. डबा भिंतीपासून हातभर दूर, दोन विटांवर ठेवला. शिपायानं कूलर ओढत आणला, तर म्हणाला, "कूलर नको, ओल धरेल. साधा पंखा लावा." मग माझ्याकडे वळला. "याला पूर्ण जोरात पळवू नका. ऐंशी टक्के वेगावर ठेवतो. पाच तास लागतील, पण पडणार नाही."

"पाच?" बाई दारातून म्हणाली.

तिसऱ्यांदा पडलं असतं तर दिवस गेला असता. मी म्हणालो, "ऐंशीवर ठेव."

बारा ते पाच तो पडद्यावरचा तापमानाचा आकडा मोठ्यानं वाचत बसला. "बहात्तर... चौऱ्याहत्तर... बहात्तर." नव्वदला गेलं की संपलं, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. एकदा ब्याऐंशी म्हणाला, तेव्हा मी पंखा आणखी जवळ सरकवला. बाई जमिनीवर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्या आकड्यांचा अर्थ तिला माझ्याआधी कळला असावा.

पाचला चित्र आलं. हिरव्या ताडपत्रीची जीप, नंबराचे शेवटचे तीन आकडे. वायरलेस केला. दिवस मावळायच्या आत गरौठ्याच्या रस्त्यावर जीप अडवली. पोरगी आत होती, जिवंत. ती ठाण्यात आली तेव्हा आई रडली नाही, ओरडली नाही. आधी खाली बसून तिच्या उघड्या पायात चप्पल घातली.

त्या माणसाला मी घरी सोडून आलो. माफी मागायची राहूनच गेली. दारात तो म्हणाला, "दरोगाजी, मशीन असो की माणूस, आधी हात लावून बघावा." त्यानंतर मी चौकशीसाठी कुणाला उन्हात उभा केला नाही.

कव्हर क्वार्टरवर नेऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला." एवढंच. ती शिकलेली नव्हती, पण विचारायची. मी उत्तर आधी देऊन मोकळा व्हायचो.

ती गेल्याला वर्ष होईल. ते कव्हर आता तिच्या शिवणयंत्रावर घातलंय, चारी बाजूंनी बंद. ते यंत्र काही आता चालत नाही.