लाल पाठीचं पाकीट

सीडीच्या एका पुठ्ठ्याच्या पाकिटाची खरी किंमत सांगतो : पुठ्ठ्याचा एक तुकडा, दोन घड्या, सतरा फेटाळलेले नमुने आणि शरयूताई दामले यांच्या डाव्या अंगठ्यावरचा एक व्रण. पुठ्ठा माझा होता. बाकी सगळं त्यांचं.

दिल्लीच्या द्वारका भागात नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, त्या काळात गाझियाबादेत मी मिठाईची खोकी बनवत असे. ताई प्रथम आल्या त्या दोन बस बदलून, हातात खोकी आखायची लोखंडी पट्टी घेऊन. म्हणाल्या, "गायकवाड, मिठाई संपली की लोक खोका फेकतात. मला न फेकला जाणारा हवाय."

मी छाती फुगवून म्हटलं, "ताई, बिल्कुल चिंता नको. पुठ्ठा मला कानाने कळतो. नुसता वाकवला की घडी कुठे बसेल ते सांगतो."

काम होतं वत्सलाबाईंच्या भजनांच्या सीडीचं. वत्सलाबाई आमच्या मराठी मंडळाच्या गाणं शिकवणाऱ्या बाई. आयुष्यातलं हे त्यांचं एकच ध्वनिमुद्रण. सगळे प्लास्टिकची डबी घ्या म्हणत होते. ताईंनी एकटीने हट्ट धरला : डबीतले सीडी धरणारे दात म्हाताऱ्या बोटांना सुटत नाहीत आणि आतल्या कागदावरचे भजनांचे शब्द भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. पाकीट पत्रासारखं उघडावं, सीडी एका बोटाने सरकावी. "फसलं तर माझ्या नावावर," असं त्या मंडळाला सांगून आल्या होत्या.

आणि ते फसलं माझ्यामुळे. एका तावात दोन पाकिटं जास्त बसावीत म्हणून मी मांडणी फिरवली. पुठ्ठ्यात तंतू असतात. घडी त्यांच्या दिशेने घातली तर गुळगुळीत बसते, आडवी घातली तर फुटते. चारशे पाकिटं छापून, कापून तयार, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी भेग. प्रकाशन तीन दिवसांवर.

मी यंत्राला शिव्या घालू लागलो. ताई म्हणाल्या, "त्याला कशाला बोलता? त्याने सांगितलं तसंच केलंय." मग जुन्या दिल्लीतल्या नई सडकेवर जाऊन वह्या बांधणाऱ्यांचं लाल कापड घेऊन आल्या आणि आमच्या कारागिरांत बसून स्वतः त्याच्या पट्ट्या कापू, भेगांवर चिकटवू लागल्या. अंगठा तेव्हाच कापला. आमचे जुने कारागीर रामफलजी एक पाकीट उलटसुलट करून म्हणाले, "मैडम, ये तो पहले से अच्छा हो गया।"

प्रकाशनाच्या दिवशी वत्सलाबाईंनी विचारलं, "शरयू, ही लाल पाठ आधी नव्हती ना गं?"

मी मान खाली घातली. ताई शांतपणे म्हणाल्या, "नव्हती. मला सुचायलाच उशीर झाला."

पुढे कितीतरी लोक 'तसली लाल पाठ' मागत माझ्याकडे आले. माझा कारखाना मिठाईतून संगीतात आला तो त्या एका वाक्यावर. खरं काय घडलं ते आज प्रथमच लिहितो आहे, ताई रागावतील हे माहीत असून.

पंचाहत्तरीतही ताई नव्या मुलामुलींना पट्टी धरायला शिकवतात. त्यांचे डोळे, हात आणि हट्ट असेच शाबूत राहोत, शंभराव्या वर्षाचं खोकंही त्यांनीच आखावं, ही मनापासून इच्छा.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथाचं मुखपृष्ठ माझ्याच कारखान्यात झालं. नमुना दाखवायला गेलो, तेव्हा ताईंनी तो कानाशी नेऊन वाकवला आणि हसल्या. "गायकवाड, पुन्हा आडवं कापलंत."

तुमच्या हातात आहे ते दुसऱ्या खेपेचं आहे.