मुकादमांच्या कानाला टोचणारा आवाज

पत्र्याच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं काढून मुकादम घरी बसले आणि त्यांनी आयुष्यातली एकुलती एक हौस केली. सीडी प्लेअर आणला, सोबत दोन उंच स्पीकर. जन्मभर मशिनांचा दणदणाट ऐकला, आता निवांत व्हायोलिन ऐकू, एवढंच त्यांचं म्हणणं.

पहिल्याच सीडीला त्यांनी कानांवर हात ठेवले. सूर वर चढला की सुई खुपसल्यासारखं व्हायचं. आवाज कमी केला तर काही कळेना, वाढवला तर डोकं उठायचं. दुकानदार येऊन ऐकून गेला.

"काका, मशीन ठीक आहे. तुमची खोलीच बोडकी आहे. फरशीवर, काचेवर आवाज आपटतो."

मग मुकादम खोलीच्या मागे लागले. ट्रेबल उतरवला, स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढून त्यांची तोंडं जरा वळवली, खाली जाड सतरंजी, खिडकीला दुहेरी पडदे. समोरचा आरसा बायकोने माहेरून आणलेला; तोही माळ्यावर गेला. दर बदलानंतर दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"आता मलाही माळ्यावर टाका," बायको म्हणाली.

"तू आधी भांडी हळू ठेव. आणि बोलतेस केवढ्याने! चिरकतो तुझा आवाज."

तेव्हापासून ती कामापुरतंच बोलू लागली, तेही हळू. त्यावरही मुकादम खेकसायचे, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?"

दीड वर्षाने मुलीने त्यांना जवळजवळ ओढतच कानाच्या दवाखान्यात नेलं. तपासणाऱ्या बाईंनी कागदावरची घसरत गेलेली रेघ दाखवली.

"बारीक आवाज तुम्हाला ऐकूच येत नाहीत. जे येतात, ते जरा वाढले की टोचतात. सीडीचा दोष नाही. कारखान्यात कानात बोळे घालत नव्हता का?"

"कंपनी द्यायची," मुकादम म्हणाले.

बोळे घातले की हाक ऐकू जात नाही, काम रेंगाळतं, म्हणून त्यांनीच ते आपल्या खात्यात बंद पाडले होते. मोठ्या प्रेसवरच्या एका कामगाराने हट्ट धरला, तेव्हा सगळ्यांदेखत त्याच्या कानांतले उपटून कचऱ्यात फेकले होते. "नाजूक कान घेऊन इथे आलास कशाला?" असं विचारलं होतं. सगळं खातं हसलं होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला बाईंचं म्हणणं सांगितलं.

"म्हणजे माझा आवाज चिरकत नव्हता?"

"नाही."

"दीड वर्ष घशाची औषधं घेतेय मी," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

रविवारी मुकादम पत्ता शोधत त्या कामगाराच्या घरी गेले. त्याने ओळखलं, उठून खुर्ची पुढे केली. वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं मुकादम बोलले. माझं चुकलं, असं दोनदा म्हणाले. तो त्यांच्या तोंडाकडे बघत मान डोलावत राहिला.

त्याची सून चहा घेऊन आली.

"बाबांना काहीच ऐकू येत नाही हो. काय ते यात लिहा."

तिने वही आणि पेन पुढे केलं. मुकादम बराच वेळ पेन धरून बसले. सून बाजूलाच उभी होती. शेवटी त्यांनी लिहिलं, 'सहज आलो होतो. तब्येत कशी आहे?'