आईने देवासमोर मागितलेलं मरण

देवाबद्दल माझं मन तेव्हा साफ नव्हतं. जन्मभर जिने एक उपास चुकवला नाही, त्या माझ्या आईच्याच पोटात गाठ का, याचं उत्तर मला एकाही आरतीत सापडत नव्हतं. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. सकाळचं कॉलेज, दुपारी अंधेरीच्या एका कंपनीत टायपिंग, असं करत बी.ए. झाले. त्याचा मला अभिमान होता आणि आहे. म्हणून डॉक्टरांना मी आडपडदा न ठेवता विचारलं, "बरी होईल का?" ते म्हणाले, "नाही. यकृतात पसरलंय." घरी येऊन आईलाही मी तसंच सांगितलं. मामा माझ्यावर भडकला. आई मात्र तांदूळ निवडत म्हणाली, "बरा केलंस सांगितलंस ता. आता माका ठरवूक येतला."

तिने काय ठरवलं ते देवदिवाळीला कळलं. त्या दिवशी जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत गावच्या देवाच्या नावाने नारळ ठेवायचा आणि मामाने गाऱ्हाणं घालायचं, ही रीत. एकाने देवाकडे मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मामा पोरांच्या नोकऱ्या मागत होता, भाचीला चांगलं स्थळ मागत होता. मध्येच आई भिंतीला धरून उभी राहिली. बाईने, त्यातून विधवेने गाऱ्हाणं घातलेलं आमच्यात कुणी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "बा देवा म्हाराजा, दुखणा वाढला तर माका मशीनीर ठेवूक देऊ नको. नाकातोंडात नळये नको. माझ्या घरात, माझ्या माणसांत माका मराण दी!"

आणि सवयीने सगळी खोली ओरडली, "व्हय म्हाराजा!" मामाचा आवाज सगळ्यात मोठा. आपण कशाला होकार दिला ते त्याला मागाहून कळलं.

"ह्या काय मागलंस गे अक्का?"

"देवाकडे मागलंय. तुझ्याकडे मागलंय काय?" आई हसली.

पुढे उन्हाळ्यात तिला धाप लागली. मी ऑफिसात होते. घाबरून मामाने तिला टॅक्सीत घातलं आणि अंधेरीच्या एका हॉस्पिटलात नेलं. मी धावत पोचले तेव्हा डॉक्टर सांगत होते, "श्वासाचं मशीन लावलं तर थोडे दिवस ओढता येईल. आजार तसाच राहणार. लवकर ठरवा." मामा म्हणत होता, "लावा, साहेब, लावा." आईने माझं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली. नको.

"मशीन लावायचं नाही," मी म्हणाले.

मामा मला पॅसेजमध्ये घेऊन आला. "कॉलेजात गेलंस म्हणजे डॉक्टर झालंस काय? उद्या लोक म्हणतले, भावान बहिणीक अशीच मरूक दिली."

"डॉक्टर नाही झाले, मामा. पण आईची मान हललेली कळायला कॉलेज लागत नाही."

बोलले खरी, पण खात्री नव्हती. मी चुकत असेन तर? मामा पुन्हा आत निघाला. माझ्याकडे दुसरा मुद्दा उरला नव्हता. हात जोडायचंही सुचलं नाही. त्या पॅसेजमध्ये उभी राहून मी देवाशी चक्क भांडले. "बा देवा म्हाराजा, माझ्या आईने तुझ्याकडे मागितलंय! तू ऐकलंयस! आता तू गप्प बसायचं नाही!"

"व्हय म्हाराजा!"

बाकड्यावर पायाला प्लास्टर घातलेला एक म्हातारा बसला होता. आमच्याच मुलखातला असावा. तोंडातून शब्द निघून गेले आणि तो स्वतःच दचकला. मग सगळं विचारून घेऊन मामाला म्हणाला, "देवासमोर व्हय म्हटलास मा? मगे?" मामा तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मशीन नको म्हणून सांगितल्यावर डॉक्टरांनी धाप उतरवणारं इंजेक्शन दिलं आणि घरी द्यायची औषधं सांगितली. आईला टॅक्सीत बसवेपर्यंत तो म्हातारा कुबडी टेकत दारापर्यंत आला होता. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. तो आमच्यासारखाच साधा माणूस होता. त्याला त्या क्षणी त्या बाकड्यावर कुणी बसवलं, यावर मी वाद घालत नाही.

आई आंब्याचे दिवस सरेपर्यंत जगली. गल्लीतले डॉक्टर येऊन दुखण्याचं इंजेक्शन देत. मामा रोज यायचा. एकदा त्याने विचारलं, "अक्का, रागावलंस माझ्यार?" ती म्हणाली, "बस हयसर. पेज भरव." त्याने भरवली. अशाच एका सकाळी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, ती गेली.

नातेवाईक अजून म्हणतात, पोरगी शिकली आणि आईला मशीन लावू दिलं नाही. म्हणू देत. शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं असं मला वाटायचं. आईने मला ताठ उभं राहून शरण जायला शिकवलं. ती देवाला शरण गेली, बाकी कुणाला नाही. त्या देवाशी माझं भांडण आता मिटलंय, आणि त्याचे उपकार मी मानते.