तिसरी डिस्क

दातांच्या कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा. दातांचे डॉक्टर मापं घेऊन पाठवायचे आणि हा आपल्या अरुंद कामाच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि घासायच्या यंत्राच्या संगतीत बसून एकेक दात जागेवर बसवायचा. "अर्ध्या गावाचं हसू माझ्या टेबलावर पडलेलं असतं," असं तो म्हणायचा. त्यावर बायको म्हणायची, "म्हणूनच तुमचं स्वतःचं घरी आणायचं राहून जातं."

नातेवाइकांत मात्र त्याची ओळख पेटीमुळे होती. पेटी म्हणजे घरात माळ्याखालच्या कोनाड्यात ठेवलेला एक छोटा सर्व्हर. त्यात चार डिस्का. सगळ्या गोतावळ्याचे फोटो, व्हिडिओ, लग्नं, बारशी, कुणाकुणाची कागदपत्रं त्या पेटीत यायची. त्यात ज्याचा त्याचा कप्पा, आणि त्यावर नाव असेल त्याला तो आपल्या घरूनही उघडायची, पुसायची मुभा; पण ती वापरतंय कोण. कुणाचा फोन हरवला की पहिला फोन दादाला. दादा पेटी उघडायचा आणि हरवलेलं काढून द्यायचा. त्यामुळे माणूस जरा शेफारला होता. "माझ्याकडं आलेलं जात नाही," असं तो चारचौघांत बिनदिक्कत सांगायचा.

पेटीत एक कप्पा ठकीचा होता, तिच्या आईबापांच्या नावानं. ठकी म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. शाळेतून आली ती तापानं फणफणलेली, आणि पुढचा आठवडा पुरा व्हायच्या आत संपली. सात वर्षांची पोर. तिचे व्हिडिओ, तिनं फोनवर गायलेली गाणी, दात पडल्यावर बोळक्या तोंडानं दिलेल्या शिव्या, सगळं त्या कप्प्यात होतं. एक प्रत त्यानं छोट्या डिस्कवर करून धाकटीला दिली होती. त्यामुळे त्या बाबतीत तो निर्धास्त होता.

पेटी भरत आली तेव्हा त्यानं मोठ्या नव्या डिस्का आणल्या. पद्धत सोपी होती. एक जुनी काढायची, तिथं नवी घालायची, आणि उरलेल्या तिघींनी मिळून नवीला सगळं शिकवेपर्यंत थांबायचं. मग दुसरी. एकावेळी एकच, कारण एक गेली तर तिघी सांभाळून घेतात, दोन गेल्या तर सगळंच गेलं. हे तो स्वतः इतरांना समजावून सांगायचा. पहिली बदलली, सुरळीत झाली. त्या भरात त्यानं दुसरी काढल्या काढल्या पुसायला लावली. तुझ्या भाच्याला वापरायला देऊ, म्हणाला. बायको म्हणाली, "थोडी कळ काढा, नवीचं होऊ द्या की आधी." तो म्हणाला, "अगं, यात काही होत नाही."

त्या रविवारी सकाळी तो दाढी करत होता आणि पेटीतून आवाज आला. टक. मग काही नाही. मग पुन्हा टक, टक. आतमध्ये कुणी नखानं पत्रा ठोकावा तसा. तो तोंडाला साबण तसाच ठेवून कोनाड्याशी गेला. नवी डिस्क निम्मीअधिक शिकून झाली होती आणि तिला शिकवणाऱ्यांपैकी तिसरी, इतकी वर्षं मुकाट्यानं फिरणारी, अडखळत होती. पडद्यावर एक वाक्य उमटलं होतं: साठा सापडत नाही, नव्यानं रचना करायची का? खाली 'हो'चं बटण.

त्याचं बोट त्या बटणाकडे गेलंही. घाबरलेला माणूस समोर दिसेल ते दाबतो. बायको मागे उभी होती. तिनं त्याचं मनगट धरलं. "नव्यानं म्हणजे काय? जुनं पुसून?"

त्यानं मान डोलावली. हात मागे घेतला आणि पेटी बंद केली. घर एकदम गप्प झालं. इतकी वर्षं त्या पंख्याची घरघर चालू होती, हे दोघांना आत्ता कळलं.

"पुसलेली दुसरी परत आणता येणार नाही?"

"नाही."

"मग आता?"

"तिसरी पूर्ण मरायच्या आत तिची नक्कल काढायची. जेवढी निघेल तेवढी." मग तो म्हणाला, "ठकीचं धाकटीकडं आहे. तेवढं तरी आहे."

दुसऱ्या दिवशी काम लवकर आटपून तो धाकटीकडे गेला. धाकटी औषधांच्या दुकानात कामाला होती, ती घरी नव्हती. दार मेहुण्यांनी उघडलं. गडी अबोल, पण सालस. मुलगी गेल्यावर धाकटीला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं, असं सगळेच म्हणायचे. त्यानं काहीतरी सबब सांगितली, नक्कल तपासून बघायची आहे, म्हणून. मेहुणे आत गेले, छोटी डिस्क घेऊन आले आणि ती हातात देण्याऐवजी टेबलावर ठेवून तिच्यावर तळवा ठेवून बसले.

"तपासू नका दादा. त्यात काही नाही."

"म्हणजे?"

"पुसली मी. झाले चार-सहा महिने."

खोलीत पाणी तापवायचं भांडं उकळत होतं. मेहुणे उठून ते बंद करून आले आणि त्याच आवाजात बोलत राहिले. "ती दार लावून बसायची. कामावरून आली की तेच. जेवण नाही, बोलणं नाही. त्या पोरीशी बोलायची, पडद्यावर. मी बाहेर उभा राहून ऐकायचो. मग एक दिवस पुसली. खराब झाली म्हणून सांगितलं. ती काही बोलली नाही." मग त्यांनी वर पाहिलं. "पेटीत असेलच ना तुमच्याकडं?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण जमलं नाही. पेटीचं काय झालं ते त्यानं सांगितलं.

मेहुणे छोट्या डिस्ककडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. ते सुटल्यासारखे दिसत होते.

"मग राहू द्या," ते हळूच म्हणाले. "गेलं असेल तर जाऊ द्या. तुम्ही मुद्दाम काही केलं नाहीत. तुम्हाला कुणी बोल लावणार नाही."

तो उठून निघाला.

तिसरी डिस्क त्यानं कामाच्या खोलीत आणली. तिथं खिडकीजवळ गार हवा यायची. ती टेबलावर ठेवली, छोटा पंखा तिच्याकडे वळवला आणि एका नव्या डिस्कवर तिची नक्कल लावली. ती कधी भराभर वाचायची, कधी एकाच जागी अडकून टकटकत बसायची. तापली की थांबवायची, निवली की पुन्हा लावायची. आठवडाभर असंच चाललं. तो कवळ्या घासायचा आणि यंत्र मध्येच बंद करून कान लावायचा. एका डॉक्टरांच्या माणसाला त्यानं वरची कवळी खालच्या कवळीच्या डब्यात घालून दिली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याविरुद्ध तक्रार आली.

डिस्क वाचत असताना मेहुणे एकदा दुपारी खोलीवर आले. प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेसमोर स्टुलावर बसले. ती टकटक त्यांनीही ऐकली.

"हीच का ती?"

"हो."

"किती राहिलंय?"

"बरंच."

मेहुण्यांचा हात टेबलाच्या कडेवर होता, डिस्कपासून वीतभर लांब. एक धक्का पुरे होता. तसं काही झालं असतं तर दोघांनीही तो अपघातच म्हटला असता. त्यानं घासायचं यंत्र बंद केलं आणि उठून मेहुणे आणि टेबल यांच्या मधे उभा राहिला. मुद्दाम उभा राहिलोय असं दिसू नये म्हणून तो हात पुसत राहिला.

"दादा, ती माझी पण मुलगी होती," मेहुणे म्हणाले.

"माहीत आहे."

"मग तुम्ही ठरवणारे कोण?"

"मी ठरवत नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं तर मी ऐकेन. तिच्या पाठीमागं नाही." मेहुणे उठले आणि दार उघडंच टाकून निघून गेले.

शेवटी डिस्क बसली. मोठ्यानं करकरली आणि थांबली, ती कायमची. पण तोवर बहुतेक सगळं वाचून झालं होतं. नक्कल पेटीत घातली, उरलेल्या दोघींच्या जोडीला लावली आणि पेटी सुरू केली. कोनाड्यासमोर नवरा-बायको दोघं जमिनीवर बसले होते. कप्पे एकेक करून दिसायला लागले. लग्नं होती. बारशी होती. ठकीचा कप्पा होता. काही व्हिडिओ मध्येच फुटत होते, चेहऱ्याच्या जागी हिरवे चौकोन यायचे आणि आवाज तेवढा चालू राहायचा. दोन-तीन तर उघडेनातच. बाकीचे शाबूत होते. बायकोनं डोळ्याला पदर लावला. त्याच्या मात्र जिवात जीव आला नाही. आता पुढचं होतं.

धाकटीला त्यानं घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. पेटीचं, आपल्या घाईचं, छोट्या डिस्कचं. मेहुणे काय म्हणाले तेही. ती चहाचा कप तसाच धरून ऐकत होती.

"पुसलीय ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "खराब झालेली डिस्क इतकी स्वच्छ रिकामी असते का? मला तेवढं कळतं दादा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? म्हटलं, तुझ्याकडं आहे. असू देत." तिनं कप खाली ठेवला. "मग पेटी बंद पडली असं वहिनी फोनवर बोलून गेल्या. तू मला आठवडाभर काही सांगितलं नाहीस. मला वाटलं, ते जाऊ दे म्हणून यांनी तुला सांगितलं आणि तू ऐकलंस."

"असं वाटलं तुला?"

"हो. मी सामान भरायला काढलं होतं. यांच्याही आणि तुझ्याही घरी परत पाऊल टाकणार नव्हते." हे तिनं इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की स्वयंपाकघरात भांडी लावणारी बायकोही थांबली.

मग ती कोनाड्याजवळ बसली आणि तिनं एकच व्हिडिओ बघितला. चौकोनांनी चेहरा गेलेला. आवाज ऐकून झाला आणि तिनं तो स्वतःच बंद केला. प्रत मागितली नाही. "घरी नको," एवढंच म्हणाली. त्यानं न विचारता दोन प्रती केल्या. एक कामाच्या खोलीतल्या कपाटात कुलपात ठेवली, दुसरी बायकोच्या माहेरी पाठवली. तोंडानं मात्र कुणाला बोलला नाही.

आता धाकटी अधूनमधून येते, थोडा वेळ बसते, जाते. कधी बघते, कधी नुसतीच बायकोशी बोलते. सामान तिनं परत लावलं की नाही, हे विचारायचा धीर त्याला होत नाही. मेहुणे त्याच्या घरी येत नाहीत. फक्त एकदा त्यांचा फोन आला.

"माझं नाव पेटीतून काढलंत?"

"नाव काढलं नाही," तो म्हणाला. "पुसायची मुभा तेवढी काढली. बघता येईल तुम्हाला."

पलीकडं नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

"कसं उघडायचं ते सांगा," मेहुणे म्हणाले.

त्यानं सांगितलं, एकेक पायरी, सावकाश. फोन ठेवल्यावर तो उभाच राहिला. बायकोनं विचारलं, "बघायला मागताहेत की आणखी कशाला?"

"मला कळत नाही," तो म्हणाला, आणि कपाटाला कुलूप नीट लागलंय का ते बघायला कामाच्या खोलीकडे निघाला.