तक्ता पाठ होता, अक्षर येत नव्हतं

डॉक्टर मॅडमनी कॉम्प्युटरवरचा फोटो माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "काका, उजव्या डोळ्याला मॅक्युलर डिजनरेशन आहे. वेट टाइप. बरेच महिने झालेत याला. इतके दिवस होतात कुठे?"

मी म्हटलं, "बोरीवलीतच होतो मॅडम."

बाजूला माझी बायको सुरेखा बसली होती, तिने कपाळावर हात मारला. मला जोक मारायची सवय आहे, आणि नको तिथे मारायची जास्त.

मी दत्ताराम. वय एक्कावन्न, धंदा लादी बसवायचा. हे सगळं मी फोनला बोलून सांगतोय, तो लिहून घेतोय, आणि मग मी अक्षरं मोठी करून तपासतोय. चूक सापडली तर अर्धी त्याची, अर्धी माझी.

मॅडमनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं, लादी. त्या म्हणाल्या, "बरं झालं, मग तुम्हाला लगेच कळेल. डोळ्याच्या मागे पडदा असतो. त्याच्या मधोमध मॅक्युला, म्हणजे बारीक बघायची जागा. तिथे खालून लीकेज झालंय. बाथरूममध्ये लीकेज झालं की लादी काय करते?"

"फुगते. वर येते."

"तसंच. म्हणून तुम्हाला सरळ रेष वाकडी दिसते."

तीस वर्षं मी लोकांची लीकेज काढली आणि माझ्याच डोळ्यातलं मला समजलं नाही.

मॅडम पुढे म्हणाल्या, "गेलेली नजर मी परत आणू शकत नाही. इंजेक्शनने गळती थांबवू, उरलंय ते राखू. पण डाव्या डोळ्यातही झीज आहे. कोरडी आहे, गळत नाही अजून. उद्या गळू शकते. तो डोळा वाचवायचा असेल तर मला खरं सांगायचं." मग त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. "सहा महिन्यांपूर्वीच्या डोळे तपासणी शिबिरात दोन्ही डोळे नॉर्मल लिहिलेत. हे कसं काय?"

आता हे कसं काय ते सांगतो.

त्या शिबिराच्या आधी कांदिवलीला एका गुजराती बेनचं बाथरूम केलं होतं. काम झाल्यावर बेन दारात उभ्या राहिल्या, डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे. "दत्ताभाई, हा लाइन वाकडा आहे ना?" मी म्हटलं, "बेन, तुमची भिंतच वाकडी आहे." मला खरंच वाटत होतं तसं. लादीच्या ओळीसाठी बांधलेली दोरी मला वाकडी दिसायची, मग मी लादी सरकवून ओळ सरळ करायचो. म्हणजे चांगली सरळ लादी मी मेहनत घेऊन वाकडी बसवली होती.

सुरेखाने मला धरून शिबिराला नेलं. सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतीला इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता. माझ्या पुढे सात माणसं. आता खरी गोष्ट अशी, की मला वाचताच येत नाही. मराठी नाही, इंग्रजी तर नाहीच. तिसरीत तीनदा बसलो, चौथ्यांदा गुरुजींनाच कंटाळा आला. आकडे येतात, टेप धरता येते, सही येते. बाकी कुणी कागद दिला की मी खिसे चाचपायचो. "चष्मा राहिला घरी, जरा वाच ना." चष्मा नव्हताच मुळी तेव्हा.

तर सात माणसांनी सात वेळा तो तक्ता मोठ्याने म्हटला. पाढे कधी पाठ झाले नाहीत, तो तक्ता झाला. माझा नंबर आला. उजवा डोळा, घडाघडा. डावा डोळा, घडाघडा. शेवटच्या ओळीला मुद्दाम अडखळलो, उगाच संशय नको. तपासणारी पोरगी खूश. म्हणाली, "काका, या वयात काय नजर आहे!"

तो कागद घेऊन मी थेट कांदिवलीला गेलो आणि बेनला दाखवला. "बघा, डोळे नॉर्मल. भिंत तोडा."

हे मी मॅडमना सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच माझ्या तोंडातून ते वाक्य निघालं, "मला वाचता येत नाही." मला वाटलं आता सुरेखा उठून जाईल. सव्वीस वर्षं लपवलेलं. ती बसूनच राहिली. चिडली की ती मालवणीवर जाते.

"माका काय म्हायत नाय? हॉटेलात मेनूकार्ड दिल्यानी की तुमी वेटराक इचारतास, आज काय चांगला हा? सव्वीस वर्सां त्येच्याच पसंतीचा जेवलंव आमी."

"मग बोलली का नाहीस?"

"माका वाटला, माका म्हायत आसा ह्या तुमका म्हायत आसा."

मॅडम खो खो हसल्या. पण मग त्यांनी दुसरा तक्ता लावला. त्यावर एकच अक्षर होतं, चारी बाजूंना फिरवलेलं. वाचायचं नाही, त्याचे दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. न शिकलेल्यांसाठी असा तक्ता असतोच. मी त्या दिवशी एकदा म्हटलं असतं, "ताई, अक्षर येत नाही," तर त्या पोरीने हाच लावला असता आणि माझा उजवा डोळा बराचसा वाचला असता. लाज राखली, डोळा गेला. हिशोब तुम्हीच करा.

मग इंजेक्शनं. डोळ्यात इंजेक्शन ऐकून माझी निम्मी नजर तिथेच गेली. खरं सांगतो, घाबरण्यासारखं नाही. थेंब घालून बधिर करतात, जरा दाबल्यासारखं वाटतं, संपलं. मला तर ओरडायलाही वेळ मिळाला नाही, नंतर बाहेर येऊन ओरडलो. महिन्याला एक, असं चार महिने. मग परत ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो. गळती थांबली, पण मधोमध डाग राहिला. ज्याच्याकडे बघावं तेच गायब, आजूबाजूचं सगळं हजर. डावा आधीच मंद. चष्म्याने काही फरक नाही.

याला लो व्हिजन म्हणतात. म्हणजे आंधळा नाही आणि डोळसही नाही, मधलाच. काम बंद झालं. मी घरात बसून सुरेखाचं डोकं खायला लागलो, तेव्हा मॅडमनी चिठ्ठी देऊन हॉस्पिटलच्याच खालच्या मजल्यावर पाठवलं. तिथे कांबळे सर कॉम्प्युटर आणि फोन शिकवतात. जन्मापासून पूर्ण आंधळे. मी दारात धडपडलो तर म्हणाले, "सांभाळून, उजवीकडे खुर्ची आहे." कुणी कुणाला सांभाळायचं!

सरांनी दोन गोष्टी दाखवल्या. एक स्क्रीन मॅग्निफायर, म्हणजे पडद्यावरचं मोठं करणारं भिंग. काळ्यावर पिवळं करून अक्षर पाहिजे तेवढं फुगवायचं. दुसरा स्क्रीन रीडर, म्हणजे बोट ठेवाल तिथे काय लिहिलंय ते बोलून दाखवणारा. तो फोनवर चालू केला की सगळे नियम बदलतात. एकदा टेकवलं की बोलतो, दोनदा टेकवलं की उघडतो. पहिला आठवडा माझी वाट लागली. फोन म्हणायचा, "उत्तर द्या, बटण." मी म्हणायचो, "अरे देतोय ना!" आणि समोरचा ठेवून द्यायचा. एकदा भरल्या बसमध्ये त्याने मोठ्याने वाचलं, "सुरेखा. येताना मेथी आणा. आणि बनियन बदललात का?" पुढच्या सीटवरच्या आजी वळून म्हणाल्या, "बदललात का हो?"

सरांनी आणखी एक शिकवलं. जे बघायचंय त्याच्याकडे बघायचं नाही. जरा बाजूला बघायचं, म्हणजे डाग सरकतो आणि वस्तू दिसते. घरी सुरेखा म्हणाली, बोलताना माझ्याकडे बघा. मी म्हटलं, "तुझ्याकडे बघितलं की तू दिसत नाहीस. शेजारच्या वहिनींकडे बघितलं की तू दिसतेस." तो दिवस उपाशी गेला.

पण खरी पंचाईत सरांकडे तिसऱ्याच दिवशी झाली होती. सर म्हणाले, "आता तुमचं नाव टाइप करा." माझा हात खिशाकडे गेला, सवयीने. चष्मा राहिला घरी. मग उजवा डोळा आठवला आणि मी सरळ बोललो, "सर, मला अक्षर ओळखता येत नाही. कधी शिकलोच नाही."

सर म्हणाले, "मग काय झालं? मी पण कधी अक्षर बघितलेलं नाही."

त्यांनी एक बटण दाबलं आणि माझ्या समोर पडदाभर एक पिवळं अक्षर आलं, पुरणपोळीएवढं. कॉम्प्युटर बोलला, "द." सर म्हणाले, "तुमच्या नावातलं पहिलं."

मी जरा बाजूला बघत ते बघत बसलो. आयुष्यभर सही केली, पण सही म्हणजे माझ्यासाठी एक चित्र होतं, गिरवून पाठ केलेलं. त्यात द आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिथून जो सुटलो तो शिकतच सुटलो. लहानपणी अक्षरं मुंगीएवढी, गुरुजींची छडी हातभर. इथे अक्षर हातभर आणि छडी नाही. कॉम्प्युटरला तेच शंभर वेळा विचारा, तो शंभराव्यांदा पण त्याच आवाजात सांगतो. चिडत नाही, शेजारच्या पोराकडे बघून हसत नाही. आणि एक गोष्ट फक्त मिस्त्रीलाच सुचेल. मराठी अक्षरं वरच्या रेषेला लटकलेली असतात. म्हणजे आधी दोरी बांधलेली आणि खाली माल लावलेला! मला बाराखडी म्हणजे भिंतच दिसायला लागली. जोडाक्षरं तेवढी अजून पण कापून बसवलेल्या तुकड्यांसारखी वाटतात, तिथे मी बोट टेकवून फोनला विचारतो.

चार महिन्यांनी एका संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात भिंतीवर काहीतरी लिहिलेलं जाणवलं. फोनचा कॅमेरा धरला, मोठं केलं. ये. थे. थुं. कू. न. ये.

बारा वर्षं मी बरोबर त्याच कोपऱ्यात थुंकत होतो. मला वाटायचं, जागा नेमून दिलीय.

काम पण परत धरलं. लादी आता माझी माणसं बसवतात. मी हात फिरवतो, जॉइंट बोटाला कळतो. मग फोटो काढून दहापट मोठा करतो, केसाएवढी फट सुटत नाही. माणसं वैतागली आहेत. "दादा, तुम्हाला दिसत होतं तेव्हा बरं होतं." कांदिवलीच्या बेनकडे पण जाऊन आलो. त्या भिंतीची लादी उखडून परत बसवली, आणि बेनना सांगितलं, भिंत सरळच होती, वाकडा मी होतो.

मॅडमनी एक काम लावून दिलंय. रोज सकाळी उजवा डोळा झाकायचा आणि डाव्याने चौकोनांच्या रेषा बघायच्या. त्यांनी कागद दिला होता, मी बाथरूमच्या लाद्याच बघतो. गेल्या महिन्यात एका मंगळवारी बेसिनच्या वरचा जॉइंट मधेच दबलेला दिसला. बोट फिरवलं. बोटाला सरळ. म्हणजे भिंत ठीक, डोळा गळतोय.

हाच डोळा उरलेला, याच्यावरच सगळं चाललेलं. पण या वेळी मी भिंतीवर ढकललं नाही. चहा पण न घेता सुरेखाला म्हटलं, "चल."

मॅडमनी फोटो बघितला. "काल-परवाचंच आहे. एक-दोन दिवस. काका, या वेळी तुम्ही वेळेवर आलात. हा डोळा राहील. आजच इंजेक्शन देऊ."

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर एवढंच सांगतो. रेष वाकडी दिसली तर आधी एक डोळा झाकून बघा, मग भिंतीला नावं ठेवा. आणि वाचता येत नसेल तर तपासणाऱ्याला सांगा. तो हसणार नाही. हसला तर मला बोलवा, मी त्याच्यापेक्षा मोठ्याने हसेन, मला सवय आहे. मॅडमचे, कांबळे सरांचे आणि त्या कधी न चिडणाऱ्या यंत्राचे उपकार कसे फेडायचे माहीत नाही. सुरेखाचे फेडतोय. हॉटेलात आता मेनूकार्ड मी वाचतो, वीस मिनिटं लागतात, ती पाणी पीत बसते.

तर त्या मंगळवारी इंजेक्शनच्या आधी सिस्टर संमतीचा फॉर्म घेऊन आल्या आणि नेहमीसारखा सुरेखाकडे दिला. सुरेखाने तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"काका, सही करा फक्त," सिस्टर म्हणाल्या.

मी म्हटलं, "थेंब नंतर घाला. थेंबांनी धूसर होतं. आधी वाचतो."

फोन धरला, काळ्यावर पिवळं केलं, एका कानात इअरफोनचं बोंड घातलं. एकेक शब्द आधी मी लावायचा, मग फोनकडून तपासून घ्यायचा. रेषेची नजर बिघडलेली, त्यामुळे अक्षरांवरची दोरी मधेच वाकायची, मी बाजूला बघून परत पकडायचो. बाकावरची माणसं कुजबुजायला लागली. मॅडम एकदा दारातून डोकावून गेल्या. अर्धा तास लागला. शेवटी एक ओळ होती, "वरील मजकूर मी स्वतः वाचला असून मला समजला आहे."

आधीच्या चारही फॉर्मवर याच ओळीखाली मी सही ठोकली होती. चारही वेळा खोटी.

खाली सही केली. द पासून सुरुवात करून, एकेक अक्षर ओळखत.

सिस्टरनी हात पुढे केला. "झालं का काका वाचून?"

"झालं," मी म्हटलं. "थांबा जरा, एकदा परत वाचतो."