सुरत ते नांदेड, अवघा एक तास

सकाळी नऊची वेळ. सुरतेतलं गोडादरा, आमच्या मराठी दैनिकाच्या ऑफिसखालची चहाची टपरी. सोपान नावाचा, लूमवर कापड विणणारा कारागीर हातात बातमीचं कात्रण घेऊन उभा.

"साहेब, हे एका तासाचं विमान कितीला सुटतं?"

पंचवीस वर्षं सुरतेत बातमीदारी करतोय. असे किस्से हसायला म्हणून जमत नाहीत. कोणी जबाब देत नाही, म्हणून साठत जातात. हा कुठून सुरू झाला, ते आधी सांगतो.

* * *

आठवड्यापूर्वी एका नेत्याची पत्रकार परिषद होती. पडद्यावर नकाशा, सुरतेपासून नांदेडपर्यंत सरळ लाल रेघ. हवाई अंतर सव्वापाचशे किलोमीटर, प्रवास एक तास. टाळ्या पडल्या. मी विचारलं, विमान कधीपासून?

"मी अंतर सांगितलं. विमानाचं कुठं बोललो?"

पुढचा प्रश्न येण्याआधी लोचोच्या, म्हणजे सुरती नाश्त्याच्या, प्लेट्स आल्या.

* * *

मी बातमी दिली. शेवटचं वाक्य होतं, 'मात्र या मार्गावर सध्या एकही थेट विमान नाही.'

आमच्या डेस्कची रीत जुनी आहे. जाहिरात वाढली की बातमी खालून कापायची. त्या दिवशी साड्यांच्या सेलची जाहिरात वाढली आणि माझं ते वाक्य गेलं. दुसऱ्या सकाळी मी डेस्कवर जाऊन तावातावानं भांडलो. उपसंपादक कुलकर्णींनी मान वर केली नाही.

"एवढं महत्त्वाचं होतं, तर वर लिहायचं."



* * *

मग संपादकांकडे गेलो. खुलासा छापा म्हटलं. त्यांनी बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, यात चुकीचं काय आहे? अंतर बरोबरच आहे ना!

* * *

आता सोपान. नांदेडजवळच्या गावात पहाटे त्याचे वडील गेले. हा थोरला मुलगा, अग्नी यानंच द्यायचा. शेठकडे चार दिवसांची रजा मागितली. अर्धे कारागीर तिकडचेच, म्हणून शेठनं आमची बातमी कापून कारखान्याच्या भिंतीवर चिकटवली होती. त्यानं तिच्याकडे बोट दाखवलं.

"एक कलाक ज छे ने?" एकच तास तर आहे ना, म्हणाला.

एका दिवसाची रजा मिळाली. सोपान ते कात्रण भिंतीवरून काढून आमच्याकडे आला होता.

विमान नाही, हे मी त्याला सांगितलं. तो चिडला नाही. गावाकडे भावाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, या बातमीचा फोटो मी गावी पाठवलाय, तुम्हीच सांगा, माझं त्यांना खरं वाटायचं नाही.

मी नाव सांगितलं. विमान नाही, वाट पाहू नका, म्हणालो. 

"बातमीवर तुमचंच नाव हाय की, साहेब. मग आता कशाला फिरवता? आम्ही थांबतो."

गाव दिवस मावळेपर्यंत थांबलं, मग अग्नी भावानं दिला. सोपान रेल्वेनं, मग एसटीनं, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला.

खुलासा अजून छापलेला नाही.